अशांत मुलखातील संशोधक आणि परक्याची ठेव



समाजशास्त्राच्या माणसाला व्याख्यानाला उभे केले म्हणजे त्याची एक अडचण होते. रसायनाचा अभ्यासक चार बाटल्या मांडून काहीतरी दाखवू शकतो, इतिहासाचा अभ्यासक जुना कागद उलगडून वाचू शकतो. समाजशास्त्रज्ञाजवळ दाखविण्यासारखे काही नसते. त्याची प्रयोगशाळा म्हणजे माणसांची वस्ती, आणि त्याचे हत्यार म्हणजे प्रश्न विचारणे व उत्तर ऐकून घेणे. हे तर आपण सारेच रोज करतो, मग यात शास्त्र ते कोणते, असे कोणाला वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु या साध्या हत्याराची खरी परीक्षा कोठे होते, ते मला आज आपणांस सांगावयाचे आहे. जेथे युद्ध, यादवी किंवा बंड चालू आहे, अथवा नुकतेच शमले आहे, अशा अशांत मुलखात ती परीक्षा होते.

आधी एखादे शांत गाव डोळ्यांपुढे आणा. शहरातून कोणी अभ्यासक येतो, ओटीवर बसतो आणि विचारतो : घरात माणसे किती, जमीन किती, कर्ज किती. घरधन्याला वाटते, हा सारा वसूल करणाऱ्यांपैकी असावा. तो पाच एकरांचे तीन सांगतो. पाहुणा चहा घेऊन निघून जातो. यात फार तर एक आकडा चुकतो. आता दिवसा सरकारी फौज आणि रात्री बंडखोर ज्या गावात येतात, असे गाव घ्या. तोच अभ्यासक विचारतो : गेल्या महिन्यात रात्री गावात कोण आले होते, त्यांना भाकरी कोणी दिली? या प्रश्नाचे खरे उत्तर दिले तरी धोका, खोटे दिले तरी धोका. इतकेच काय, तोंड मिटून बसले तरी धोका आहेच; कारण परका माणूस तासभर ओटीवर बसला होता, हे शेजाऱ्याने पाहिलेले असते. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ती हीच अवस्था. आणि प्रश्न विचारणारा आठवड्याने आपल्या विद्यापीठात परत जातो, उत्तर देणारा मात्र तेथेच राहतो.

या एका गोष्टीतून माझे आजचे सारे प्रतिपादन निघते. अशा मुलखात मिळालेली माहिती ही संशोधकाची कमाई नसते. ती दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली ठेव असते. ती कशी सांभाळावी, हा प्रश्न त्याच्या शास्त्राच्या अगदी पोटातला आहे. जो ठेव सांभाळू शकत नाही त्याला सत्यही फारसे सापडत नाही, असे मला दाखवावयाचे आहे.

पहिला प्रश्न साहजिक आहे. एवढा धोका असेल तर तेथे जावेच कशाला? लढाई संपू द्यावी आणि मग सावकाश अभ्यास करावा. याला उत्तर असे की, लढाईच्या काळात दोनच आवाज मोठ्याने बोलत असतात. एक राज्यकर्त्यांचा आणि दुसरा बंडखोरांचा. दोघेही जनतेच्या नावाने बोलतात, पण जनतेला कोणी विचारलेले नसते.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाचे उदाहरण घ्या. १९८० ते १९९२ अशी बारा वर्षे तेथे यादवी चालली आणि सुमारे ७५,००० माणसे मेली. गरीब शेतकरी बंडात का शिरले, याची उत्तरे दूर बसलेल्या पंडितांजवळ तयार होती. कोणी म्हणे परकीय कम्युनिस्टांची चिथावणी, कोणी म्हणे जमिनीचा लोभ. एलिझाबेथ जीन वुड या अमेरिकन विदुषी युद्धाच्या अखेरच्या काळात आणि त्यानंतरही उसुलुतान या प्रांतात वारंवार जाऊन राहिल्या. शेतकऱ्यांशी त्या बोलल्याच, पण त्यांच्याकडून त्यांनी गावाचे नकाशेही काढून घेतले. युद्धापूर्वी कोणती जमीन कोणाची होती आणि युद्धानंतर ती कोण कसतो, हे शेतकऱ्यांनी आपल्या हाताने कागदावर रेखाटले. त्या नकाशांतून व बोलण्यांतून जे निघाले ते २००३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. जमीनदार पळून गेल्यावर ओस पडलेली जमीन ज्यांनी बंडाला हात लावला नाही त्यांनाही कसावयास मिळत होती. मग निव्वळ लोभासाठी जीव धोक्यात कोण घालील? बंडाला साहाय्य करणारे शेतकरी बोलत ते आप्तांच्या हत्येविषयी, अन्यायाच्या चिडीविषयी, आणि आपल्या हाताने आपण काही घडविले या अभिमानाविषयी. ही गोष्ट राजधानीत बसून कोणाला कळली नसती. म्हणून जावे लागते.

परंतु गेल्यावर जे कानावर पडते ते सारे खरे असते काय? येथे दुसरा प्रश्न येतो. भ्यालेला माणूस खोटे बोलतो, दुःखी माणूस विसरतो, अपराधी माणूस झाकतो. मग अशा साक्षींवर शास्त्र कसे उभारावयाचे?

आफ्रिकेतील रुवांडा या देशात १९९४ च्या एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत लाखो माणसांची कत्तल झाली, आणि पुष्कळ ठिकाणी मारणारे व मरणारे एकमेकांचे शेजारी होते. दहा वर्षांनी, २००४ साली, ली ॲन फुजी या संशोधिका तेथील दोन ग्रामीण वस्त्यांत जाऊन बोलू लागल्या. त्या वेळी ‘गचाचा’ नावाची गावकीची न्यायालये देशभर सुरू होण्याच्या बेतात होती. आज कोणासमोर काय बोललो, ते उद्या न्यायासनापुढे अंगावर येईल, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती. लोक अर्थातच हातचे राखून बोलत. फुजी यांनी २०१० साली एक मोलाचा निबंध लिहिला. अफवा, रचलेल्या कथा, साफ इन्कार, टाळाटाळ आणि मौन, या पाच गोष्टींना कचरा समजून फेकून देऊ नका, त्याही माहितीच आहेत, असे त्यांचे सांगणे होते. अफवा ऐतिहासिक सत्य सांगणार नाही, पण लोकांना भय कोणाचे आहे हे सांगेल. एखादा माणूस सारा तपशील सांगतो आणि एका रात्रीपाशी येऊन थबकतो. ते थबकणे आपल्याला सांगते की, बोलण्यास अवघड असे काही त्या रात्रीपाशी आहे. ते काय, हे त्यावरून ठरविता येत नाही. आणि तेथे पोलिसासारखे खोदून खोदून विचारणाऱ्याला त्या घराचे दार पुन्हा उघडत नाही.

येथे माझ्या विषयाची एक कडी जुळते. माणसाला न दुखविता, त्याला बोलावयाचे नसेल तर न बोलू देता जो ऐकतो, त्यालाच शेवटी अधिक ऐकू येते. सभ्यपणा आणि शास्त्र यांची वाट या ठिकाणी एकच आहे.

याच्याही पुढे जाऊन काही अभ्यासकांनी एक युक्ती काढली आहे, ती ऐकण्यासारखी आहे. २०११ साली अफगाणिस्तानात तालिबान आणि परदेशी फौजा यांची लढाई ऐन रंगात होती. सामान्य पठाण कोणाच्या बाजूचा आहे, हे जाणून घ्यावयाचे होते. सरळ विचारणे म्हणजे त्याला आगीत लोटणे. जेसन लायल, ग्रेम ब्लेअर आणि कोसुके इमाई या तिघांनी पाच प्रांतांतील २०४ खेड्यांत २,७५४ पुरुषांची पाहणी केली, ती अशी : तुरुंगांची सुधारणा किंवा जिल्हा मंडळांच्या निवडणुका अशा साध्या योजनांविषयी मत विचारावयाचे. चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या एका गटाला नुसती योजना सांगावयाची, दुसऱ्याला हिला तालिबानचा पाठिंबा आहे असे सांगावयाचे, तिसऱ्याला परदेशी फौजांचा आहे असे. नाव बदलल्याने मत किती बदलते, यावरून सबंध गटाचा कल कळतो. पण एकट्या माणसाचे मन कोणालाच कळत नाही. ते कागद कोणाच्याही हाती पडले तरी त्यांवरून अमुक मनुष्य अमुक पक्षाचा, असे सांगता येणार नाही. निष्कर्षही विचार करावयास लावणारा होता. परदेशी फौजांनी इजा केली की लोक त्यांच्यापासून दूर जात आणि तालिबानकडे झुकत. पण तालिबानने इजा केली तर त्याच मापाने परदेशी फौजांकडे झुकत नसत. आपल्या माणसाने मारले तर पोटात घालावयाचे, परक्याने मारले तर विसरावयाचे नाही, हा मनुष्यस्वभाव येथे आकड्यांनी सिद्ध झाला. अर्थात पाहणी पुरुषांचीच होती, हेही ध्यानात ठेवावयास हवे. त्या घरांतील स्त्रियांना काय वाटत होते, ते या आकड्यांत नाही.

सर्वांत सुरक्षित ठेव म्हणजे जी आपण मुळी घेतलीच नाही ती, हा या युक्तीचा बोध. पण सर्वच संशोधन असे करता येत नाही. कोठे तरी माणसाची सबंध कहाणी त्याच्याच तोंडून ऐकावी लागते, आणि तेव्हा वचन देण्याचा प्रसंग येतो. वचनाचे काय होऊ शकते, याचे उदाहरण आयर्लंडचे आहे.

उत्तर आयर्लंडमधील तीस वर्षांचा रक्तपात १९९८ च्या कराराने बव्हंशी थांबला. त्यानंतर २००१ साली अमेरिकेतील बोस्टन कॉलेज या संस्थेने दोन्ही बाजूंच्या जुन्या सशस्त्र कार्यकर्त्यांच्या आठवणी ध्वनिफितींवर टिपून घेण्याचे काम हाती घेतले. मुलाखती घेणारे त्याच समाजातले होते, म्हणून लोक मोकळेपणाने बोलले. तुम्ही हयात असेपर्यंत हे कोणालाही ऐकविले जाणार नाही, असे सांगणाऱ्यांना लिहून दिले होते. दोघे निवेदक वारल्यावर २०१० साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले आणि अशा फिती आहेत, हे जगजाहीर झाले. १९७२ साली बेलफास्टमधून दहा मुलांची एक विधवा आई पळवून नेऊन ठार मारण्यात आली होती. तिचे अवशेष २००३ साली समुद्रकिनाऱ्यावर सापडले. त्या खुनाच्या तपासासाठी ब्रिटिश पोलिसांनी २०११ साली दोन देशांमधील कराराच्या आधारे अमेरिकन न्यायालयातून फितींची मागणी केली. खटले झाले, अपिले झाली, आणि त्यांतील काही फिती पोलिसांच्या हवाली कराव्या लागल्या. २०१४ साली अटका झाल्या. पुढे २०१९ साली त्या फितींच्या आधारे उभा राहिलेला एक खटला न्यायालयात टिकला नाही. न्यायाधीशांनी फिती पुराव्यासाठी भरवशाच्या नाहीत असे ठरविले. म्हणजे इतिहासाची ठेव गेली, ती गेलीच. आणि न्यायही पदरात पडला नाही.

येथे मला एक आक्षेप मनापासून विचारात घ्यावासा वाटतो. कोणी म्हणेल, त्या दहा मुलांनी काय करावे? आपल्या आईला कोणी मारले हे कोठे तरी फितीवर नोंदलेले आहे, आणि विद्वान मंडळी ते कुलुपात ठेवून वचनाची गोष्ट सांगताहेत. हा कोणता न्याय? हा आक्षेप खरा आहे आणि तो शब्दांच्या कसरतीने उडवून लावता येणार नाही. त्या मुलांचा हक्क संशोधकाच्या हक्काहून धाकटा आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु यातून निघणारा धडा हा की, जे वचन कायदा पाळू देणार नाही ते वचन द्यावयाचेच नाही. बोलणाऱ्याला आरंभीच सांगावयाचे : ‘बाबा रे, न्यायालयाने मागितले तर मला हे लपविता येईलच असे नाही, तेव्हा नावे सांगू नकोस, आणि जे सांगितल्याने तुझा किंवा दुसऱ्याचा घात होईल ते मला सांगू नकोस.’ असे सांगितल्याने काही कहाण्या अपुऱ्या राहतील. राहू द्याव्यात. विश्वस्ताने आपल्या तिजोरीचे कुलूप किती मजबूत आहे हे ठेव घेण्यापूर्वी सांगावे, ही तर व्यवहारातली साधी रीत आहे.

तिसरा प्रश्न, संशोधक कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी आला आहे. १९६४ साली अमेरिकन सैन्याने ‘प्रोजेक्ट कॅमेलॉट’ नावाची योजना आखली. देशोदेशी बंडे का होतात आणि ती कशी रोखावीत, याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांकडून करवून घ्यावयाचा होता. चिलीमध्ये काम करणारे नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांना निमंत्रण आले. त्यांनी ते नाकारले. चिलीत गवगवा झाला आणि जुलै १९६५ मध्ये योजना गुंडाळावी लागली. एवढ्याने शहाणपण आले असे नाही. २००७ पासून इराक व अफगाणिस्तानात समाजशास्त्राचे जाणकार सैन्याच्या तुकड्यांबरोबर धाडण्यात आले. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यकारी मंडळाने त्याच वर्षी या प्रकाराला विरोध नोंदविला. त्या जाणकारांतले तिघे या कामात प्राणांस मुकले, आणि २०१४ साली तो कार्यक्रम बंद झाला. त्यांच्यातील कित्येकांचा हेतू रक्तपात कमी व्हावा असाच असेल. पण वही घेऊन आलेला माणूस बंदुकीच्या सोबतीने आला म्हणजे वही आणि बंदूक यांत गावकऱ्याला फरक दिसत नाही. आणि पुढे जो एकटा, निःशस्त्र अभ्यासक येतो त्याच्याकडेही गाव हेर म्हणूनच पाहते. एकाने केलेल्या विश्वासभंगाची फेड दुसऱ्याला करावी लागते.

आणि ही फेड कधी कधी फार जबर असते. ग्वाटेमाला देशात १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे यादवी झाली. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजाने दोन लाखांवर माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि ज्यांची ओळख पटली अशा बळींपैकी शेकडा ८३ माया जमातीचे होते. मिरना माक ही त्याच देशातली मानववंशशास्त्रज्ञ. सैन्याच्या मोहिमांमुळे गावे सोडून रानोमाळ झालेल्या माया लोकांचे काय हाल आहेत, याचा अभ्यास तिने त्यांच्यात जाऊन केला आणि तो प्रसिद्ध केला. ११ सप्टेंबर १९९० रोजी राजधानीत, आपल्या कचेरीतून बाहेर पडताच, तिला भोसकून ठार करण्यात आले. तिची बहीण हेलन माक हिने खटल्याचा पाठपुरावा केला. तपास करणारा एक पोलिस अधिकारी मारला गेला. तरी १९९३ साली मारेकऱ्याला, जो लष्करी गुप्तचर विभागातला होता, शिक्षा झाली, आणि २००३ साली आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने या हत्येबद्दल ग्वाटेमालाच्या शासनाला जबाबदार धरले. आपण ध्यानात घ्यावे ते हे की, परदेशी अभ्यासकाजवळ परतीचे तिकीट असते. मिरना माकजवळ ते नव्हते. ती घरचीच होती. अशांत मुलखातील संशोधनाचा सर्वांत मोठा भार स्थानिक माणसांवर पडतो : स्थानिक अभ्यासकावर, वाट दाखविणाऱ्यावर, दुभाष्यावर. ग्रंथावर मात्र बहुधा पाहुण्याचे नाव असते.

हा दुभाषा आपल्याला परका नाही. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात नक्षलवादी चळवळ १९८० च्या सुमारास शिरली आणि पुढची कित्येक वर्षे तेथील माडिया व गोंड खेडी दोन बंदुकांच्या मध्ये राहिली. तेथे पुण्या-मुंबईचा अभ्यासक गेला तर आपण आपल्याच राज्यात आहोत, आपलीच भाषा बोलत आहोत, असे त्याला वाटते. पण माडिया म्हातारीच्या कानाला आपली मराठी ही कचेरीची आणि ठाण्याची भाषा आहे. मध्ये कोणी शिकलेला मुलगा बसवावा लागतो. पाहुणा गेल्यावर ‘त्याला काय सांगितलेस?’ हे त्या मुलाला विचारले जाते, आणि विचारणारे दोन्हीकडचे असतात. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरमध्ये गावच्याच तरुणांच्या हाती बंदुका देऊन त्यांना बंडखोरांविरुद्ध उभे करण्यात आले, तेव्हा तेथे अनेक वर्षे अभ्यास केलेल्या नंदिनी सुंदर या समाजशास्त्रज्ञ अन्य सहकाऱ्यांसह सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ५ जुलै २०११ रोजी न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरविली. ठेव नुसती कुलुपात ठेवावयाची नसते. ज्यांची ती आहे त्यांच्या कामी ती लावता येते, हे या उदाहरणाने दिसते.

आता आपण म्हणाल, आम्ही शहरातली माणसे. आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. कारण हे संशोधन शेवटी आपण वाचतो, आपल्या वृत्तपत्रांत त्याचे सार येते, आणि त्यावर आपली मते बनतात. ‘तेथील जनता अमक्याच्या बाजूने आहे’ असे वाक्य वाचले की आपण काही साधे प्रश्न विचारावेत. हे कोणी विचारले आणि कोणाबरोबर जाऊन विचारले? सडकेकाठच्या गावांना विचारले की आतल्या? स्त्रियांना विचारले का? खर्च कोणी सोसला? दुभाषा कोण होता? आणि ज्यांनी उत्तरे दिली त्यांचे पुढे काय झाले? ज्या लेखनात या शेवटच्या प्रश्नाची जाणीव दिसत नाही त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. तसेच ज्या लेखात नावे नाहीत, गावाचे खरे नाव बदललेले आहे, एखादा प्रसंग मुद्दाम मोघम ठेवला आहे, तो लेख कच्चा आहे असे समजू नये. तेथे कोणाचा तरी जीव झाकलेला असू शकतो.

सत्य शोधणाऱ्याने सारे उघडे करावे, अशी आपली समजूत असते. सामान्यतः ती खरी आहे. पण ज्या घराभोवती आग लागली आहे त्या घरातून जो माहिती घेऊन येतो, त्याने काय बोलावे याइतकेच काय बोलू नये हेही शिकलेले असावे लागते. हे शिकण्याला शास्त्रीय शिक्षण म्हणावे अशी माझी विनंती आहे, आणि आपल्या विद्यापीठांत प्रश्नावली तयार करण्याची पद्धत जशी शिकविली जाते तशीच हीही शिकविली जावी, अशी इच्छा आहे.